प्रतिपक्षाचा पक्ष कोणता?

‘पक्ष’ हा शब्द उच्चारतांच हल्लीं डोळ्यांपुढें येतें तें निवडणुकीचें चिन्ह. परंतु राजकारणांत येण्याच्या फार पूर्वीं हा शब्द न्यायशास्त्राच्या पाठशाळेंत रुळलेला होता, व तेथें त्याचा अर्थ वादीनें सिद्ध करण्यासाठीं पत्करलेली बाजू असा होता. तिच्याविरुद्ध पत्करलेली दुसरी बाजू तो प्रतिपक्ष. दोन्ही ठिकाणीं बाजू पत्करणें हें मुख्य. ज्यानें ती पत्करलीच नाहीं, त्यास न्यायशास्त्र पक्षही म्हणत नाहीं व प्रतिपक्षही म्हणत नाहीं.

गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे वाद, जल्प व वितंडा असे तीन प्रकार केले आहेत. वादांत दोघेही सत्य काय तें कळावें म्हणून बोलतात. जल्पांत जिंकावें म्हणून बोलतात. परंतु ह्या दोहोंतही प्रत्येकास स्वतःचें असें कांहीं स्थापन करावें लागतें. वितंडेंत तेवढें बंधन नसतें. समोरचा जें म्हणेल तें खोडावयाचें, स्वतः कांहींच मांडावयाचें नाहीं, हें तिचें लक्षण. ‘वितंडवाद’ हा शब्द आपण घरांत उठतां-बसतां वापरतों तो येथूनच आला. वैतंडिकाची एक मोठी सोय आहे. त्याचा पराभव करतां येत नाहीं. ज्यानें घर बांधलेंच नाहीं त्याचें पाडावयाचें काय?

लोकशाहींतील विरोधी पक्षांस ही सोय फार आवडूं लागली आहे असें आम्हांस दिसतें, आणि ती त्यांनीं घ्यावी कीं नाहीं, हा ह्या लेखाचा विषय आहे. विरोधी पक्ष ही कांहीं सरकारच्या मेहरबानीवर चालणारी हौशी मंडळी नव्हे. इंग्लंडांत १९३७ सालच्या कायद्यानें विरोधी पक्षनेत्यास सरकारी तिजोरींतून वेतन मिळूं लागलें. आपल्याकडे तसा कायदा १९७७ सालीं झाला. सरकारला विरोध करणारास सरकारी खजिन्यांतून पगार, ही कल्पना आमच्या आजोबांस चमत्कारिकच वाटली असती. परंतु ती योग्य आहे. आजचें सरकार उद्यां गेलें तर त्याच्या जागीं काय येईल, हें लोकांस अगोदर कळावें, ह्याचा तो मोबदला आहे.

एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस हें चित्र अपरिचित नाहीं. वाड्याचें छप्पर गळूं लागलेलें असतें. थोरले बंधु म्हणतात, वाडा विकूं. धाकटे म्हणतात, वडिलार्जित वास्तु विकणें शोभत नाहीं. बरें, मग दुरुस्त करूं. तर धाकटे म्हणतात, एवढा पैसा आणावयाचा कोठून? ‘मग भाऊजी, तुमचें म्हणणें तरी काय?’ असें वहिनींनीं विचारलें कीं भाऊजी पान लावावयास घेतात. अशा भाऊजींच्या हातीं कुटुंबाचा कारभार द्यावा असें घरांतील कोणासही वाटत नाहीं, मग त्यांनीं थोरल्यांच्या कितीही चुका बिनचूक दाखविलेल्या असोत.

तथापि मौन धरणाऱ्या पक्षांवर अन्याय होऊं नये. त्यांच्या मौनास कारणें असतात व तीं सारींच क्षुद्र नसतात. सरकारजवळ सचिव असतात, कागदपत्र असतात. विरोधकांजवळ तीं नसतात. चांगली कल्पना अगोदर बोलून दाखविली तर सरकार ती उचलून स्वतःची म्हणून मिरवतें. आणि सर्वांत मोठें कारण म्हणजे कठीण प्रश्न तोच, ज्यावर स्वतःचेच अनुयायी दुभंगलेले असतात. इंग्लंडांतील मजूर पक्षावर २०१६ नंतर जो प्रसंग आला, तो अगदीं ह्याच जातीचा होता. तो आम्हांस इतका बोधप्रद वाटतो कीं त्याची हकीकत थोडी विस्तारानें सांगणें भाग आहे.

२३ जून १९१६ ला नव्हे, तर त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनीं, २३ जून २०१६ रोजीं, ब्रिटनमध्यें युरोपियन संघांत राहावें कीं बाहेर पडावें ह्यावर सार्वमत झालें. बाहेर पडण्याच्या बाजूनें सुमारें ५२ टक्के व राहण्याच्या बाजूनें सुमारें ४८ टक्के मतें पडलीं. हुजूर पक्ष सत्तेवर होता, मजूर पक्ष विरोधांत. मजूर पक्षाची अडचण अशी कीं त्याच्या मतदारांपैकीं बहुतेकांनीं राहण्याच्या बाजूनें मत दिलें होतें, आणि तरीही त्याच्याकडे असलेल्या मतदारसंघांपैकीं बहुसंख्य ठिकाणीं कौल बाहेर पडण्याचा होता. लंडन व विद्यापीठांचीं शहरें एकीकडे, उत्तरेकडील जुन्या खाणींचीं व गिरण्यांचीं गांवें दुसरीकडे. एकाच पक्षाचीं हीं दोन्ही माणसें; कोणास दुखवावयाचें?

पक्षानें कोणासच न दुखविण्याचें ठरविलें. फेब्रुवारी २०१७ मध्यें संघांतून बाहेर पडण्याची नोटीस देण्याच्या विधेयकास पाठिंबा देण्याचा आदेश नेते जेरेमी कॉर्बिन यांनीं काढला. त्यांच्याच ४७ सभासदांनीं तो मोडला. पुढच्या महिन्यांत कीर स्टार्मर यांनीं सरकारच्या करारासाठीं सहा कसोट्या जाहीर केल्या. त्यांतील एक अशी होती कीं, संघांत असतांना व्यापाराचे जे लाभ मिळतात तेच बाहेर पडल्यावरही मिळाले पाहिजेत. उघडच आहे कीं ही कसोटी कोणताही करार उतरूं शकला नसता. ती करार तोलण्यासाठीं नव्हती, नाकारण्यासाठीं होती. तिचें वजन मजूर पक्षाच्या स्वतःच्या पारड्यांत कधींच पडावयाचें नव्हतें.

आणि हें धोरण प्रथम फळास आलें हेंही सांगितलें पाहिजे. जून २०१७ च्या निवडणुकींत मजूर पक्षास ४० टक्के मतें पडलीं व त्याच्या ३० जागा वाढल्या. राहूं इच्छिणारास वाटलें, हा पक्ष आपल्याला राहवील. जाऊं इच्छिणारास वाटलें, हा जाऊं देईल. शाळेंत आम्ही असे विद्यार्थी पाहत आलों आहों. ऱ्हस्व कीं दीर्घ हें ठाऊक नसलें कीं ते उकार असा कांहीं काढतात कीं तपासणारास जो हवा तो त्यानें वाचावा. एखाद्या परीक्षेंत हें खपतें.

पुढें दोन वर्षें हा उकार तसाच राहिला. सप्टेंबर २०१८ मध्यें लिव्हरपूल येथील अधिवेशनांत ठराव झाला, तो असा: सार्वत्रिक निवडणूक व्हावी; ती न झाल्यास पुन्हां जनमत घेण्यासह सर्व मार्ग मोकळे ठेवावे. न्यायशास्त्रांत पराभवाचीं बावीस स्थानें सांगितलीं आहेत, त्यांना निग्रहस्थानें म्हणतात. त्यांत ‘अविज्ञातार्थ’ नांवाचें एक आहे: जें वाक्य तीनदां उच्चारूनही सभेस व प्रतिवाद्यास कळत नाहीं तें बोलणारा हरला असें समजावें. लिव्हरपूलचा ठराव तीसपेक्षां अधिक वेळां उच्चारला गेला असेल. १५ जानेवारी २०१९ रोजीं पंतप्रधान थेरेसा मे यांचा करार ४३२ विरुद्ध २०२ मतांनीं फेटाळला गेला. म्हणजे खोडण्याचें काम यथासांग झालें. स्थापन करण्याची पाळी आली तेव्हां मे महिन्यांतील युरोपियन निवडणुकींत मजूर पक्ष सुमारें १४ टक्क्यांवर येऊन तिसरा ठरला.

डिसेंबर २०१९ च्या सार्वत्रिक निवडणुकींत त्याची भूमिका अशी होती कीं, आम्ही तीन महिन्यांत नवा करार करूं, सहा महिन्यांच्या आंत तो व संघांत राहणें ह्या दोहोंवर पुन्हां सार्वमत घेऊं, आणि पक्षाचे नेते त्या सार्वमतांत तटस्थ राहतील. स्वतः केलेल्या कराराविषयीं स्वतःच तटस्थ! दुसऱ्या बाजूस बोरिस जॉन्सन यांचें म्हणणें इंग्रजी तीन शब्दांत मावत होतें. हुजूर पक्षास ३६५ जागा मिळाल्या, मजूर पक्षास २०२. १९३५ नंतर इतक्या कमी जागा त्यास कधीं मिळाल्या नव्हत्या. टोनी ब्लेअर यांचा सेजफील्ड मतदारसंघ गेला. १९७० पासून बोल्सोव्हर राखून असलेले डेनिस स्किनरही पडले. पराभवास हें एकच कारण होतें असें आम्ही म्हणत नाहीं. कॉर्बिन यांच्याविषयींचा अविश्वास हेंही मोठें कारण होतें. पण त्या अविश्वासांतही हा मनुष्य नक्की कोणीकडचा, ही शंका होतीच. जीं दोन्ही माणसें दुखवूं नयेत म्हणून हा सारा खटाटोप, तीं दोन्हीं दुखावलीं.

ह्यावरून ‘स्पष्ट बोला म्हणजे जिंकाल’ असा निष्कर्ष काढण्याची घाई मात्र कोणी करूं नये. त्याच निवडणुकींत लिबरल डेमोक्रॅट पक्षाची भूमिका लख्ख होती: आम्ही निवडून आलों तर बाहेर पडणेंच रद्द करूं. त्यांच्या ११ जागा आल्या, व त्यांच्या नेत्या जो स्विन्सन यांची स्वतःची जागाही गेली. आमचें म्हणणें जिंकण्याविषयीं नाहींच. मौनाची किंमत कोणी ना कोणी देतो. ती पक्षानें दिली तर निदान न्याय तरी होतो. बहुधा ती दुसराच देतो.

ह्याचें प्रत्यंतर पुढें लौकरच आलें. ४ जुलै २०२४ रोजीं तोच मजूर पक्ष, आतां स्टार्मर यांच्या नेतृत्वाखालीं, ४११ जागा जिंकून सत्तेवर आला. मतें मात्र ३४ टक्क्यांच्या आसपासच होतीं. युरोपच्या बाबतींत त्यानें ह्या वेळीं तीन नकार स्वच्छ सांगितले होते. पैशाच्या बाबतींत मात्र त्याची सावधगिरी विलक्षण होती: मुख्य कर वाढविणार नाहीं, एवढें सांगितलें, मग तूट कशी भरणार, हें सांगितलें नाहीं. निवडणुकीस एक महिना झाला नाहीं तोंच, २९ जुलै रोजीं, अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनीं वृद्धांस थंडीच्या दिवसांत घर ऊबदार ठेवण्यासाठीं मिळणारें अनुदान बहुतेकांस बंद केल्याचें जाहीर केलें. दोनशें-तीनशें पौंडांची ती रक्कम. सुमारें एक कोटि वृद्धांची ती गेली. जाहीरनाम्यांत तिचा उल्लेखही नव्हता. गहजब झाला, आणि जून २०२५ मध्यें वर्षाला ३५,००० पौंडांपर्यंत उत्पन्न असणारांस ती पुन्हां देण्याचें सरकारनें कबूल केलें. मधला एक हिंवाळा म्हाताऱ्यांनीं काढला तो काढलाच. विरोधी पक्षांत असतांना जें बोलावयाचें राहिलें, त्याचा हिशेब असा तिसऱ्याच्या नांवें निघतो.

आपल्याकडील स्थिति निराळी आहे काय? आमच्याकडे मौनापेक्षां एक अधिक चतुर प्रकार रूढ आहे. तो म्हणजे तोंडानें होकार. स्त्रियांस लोकसभेंत व विधानसभांत एकतृतीयांश जागा राखून ठेवण्याचें विधेयक प्रथम सप्टेंबर १९९६ मध्यें देवेगौडा सरकारनें मांडलें. त्यानंतर सत्ताधारी विरोधक झाले, विरोधक सत्ताधारी झाले, आणि बहुतेक सर्वांनीं ह्या विधेयकास आपला पाठिंबा असल्याचें पुनःपुन्हां सांगितलें. ९ मार्च २०१० रोजीं राज्यसभेंत तें १८६ विरुद्ध १ अशा मतांनीं मंजूर झालें. लोकसभेंत तें मतास टाकलेंच गेलें नाहीं. अखेर कायदा झाला तो सप्टेंबर २०२३ मध्यें, लोकसभेंत ४५४ विरुद्ध २ मतांनीं. आणि त्यांतही जनगणना व मतदारसंघांची पुनर्रचना झाल्यावर अंमल, अशी अट घालण्यांत आली. ज्यास जवळजवळ सर्वांचा पाठिंबा त्यास सत्तावीस वर्षें लागावीं, ह्याचें कोडें घरांतील कर्त्या स्त्रियांस चटकन् उलगडेल. ‘करूं कीं हो’ ह्या उत्तराचा अर्थ त्यांना शिकवावा लागत नाहीं.

समाजवादी पक्ष व राष्ट्रीय जनता दल यांनीं ह्या विधेयकास उघड विरोध केला. मागासवर्गीय स्त्रियांस त्यांत वेगळा वांटा नाहीं, हें त्यांचें म्हणणें. सभागृहांत त्यांच्या सभासदांनीं जो धिंगाणा घातला त्याचें समर्थन होणार नाहीं. तथापि ते कोणत्या बाजूस आहेत ह्याविषयीं कोणाच्याही मनांत संशय नव्हता. आणि राज्यसभेंतील तें एकुलतें एक विरुद्ध मत? तें महाराष्ट्रांतून गेलेले शेतकरी संघटनेचे शरद जोशी यांचें होतें. ते स्त्रियांचे वैरी होते म्हणावें, तर ह्याच गृहस्थांनीं १९८६ सालीं चांदवड येथें शेतकरी स्त्रियांचें प्रचंड अधिवेशन भरविलें होतें आणि शेतकऱ्यानें जमिनीचा कांहीं भाग पत्नीच्या नांवें करावा म्हणून ‘लक्ष्मीमुक्ति’ची चळवळ चालविली होती. राखीव मतदारसंघ दर निवडणुकीस फिरते ठेवण्याच्या पद्धतीस त्यांचा आक्षेप होता. त्यांचें मत आम्हांस पटत नाहीं. पण १८६ जणांच्या होकारांत किती खरे व किती उसने होते हें आज कोणासच सांगतां येणार नाहीं, आणि ह्या एकाच्या नकाराविषयीं मात्र खात्रीनें बोलतां येतें.

दुसरी खोड अशी कीं भूमिका घ्यावयाची ती खुर्ची बदलेपर्यंतच. अमेरिकेशीं झालेल्या अणुकरारास २००८ सालीं भारतीय जनता पक्षानें कडाडून विरोध केला; २२ जुलैचा विश्वासदर्शक ठराव २७५ विरुद्ध २५६ मतांनीं निभावला. २०१४ नंतर त्याच पक्षाच्या सरकारनें तोच करार पुढें नेला. वस्तु व सेवा करासाठीं घटनादुरुस्तीचें विधेयक २०११ सालीं काँग्रेसच्या सरकारनें आणलें, तेव्हां गुजरात व मध्यप्रदेश सरकारांनीं तें अडविलें. पुढें तोच कर त्याच पक्षाच्या केंद्र सरकारनें लागू केला, आणि ३० जून २०१७ च्या मध्यरात्रीं त्याच्या उद्‌घाटनाच्या समारंभावर बहिष्कार कोणाचा, तर काँग्रेसचा! केलेली प्रतिज्ञाच सोडून देणें ह्यास न्यायशास्त्रांत ‘प्रतिज्ञासंन्यास’ म्हणतात. तेंही एक निग्रहस्थानच आहे. अनुभवानें मत बदलणें ह्यांत लाज नाहीं. परंतु मग कां बदललें तें सांगावें. तसें कोणी सांगितल्याचें आमच्या वाचनांत नाहीं.

प्रत्येक बाबतींत प्रत्येक पक्षानें सकाळ-संध्याकाळ मत द्यावें, असें मात्र आमचें म्हणणें नाहीं. कांहीं प्रश्न सदसद्विवेकाचे असतात. ब्रिटनमध्यें १९६५ सालीं खुनाबद्दलची फांशीची शिक्षा स्थगित झाली, तेव्हां सभासदांस आपापल्या बुद्धीप्रमाणें मत देण्याची मोकळीक होती. ‘आमच्या सभासदांस मोकळीक आहे’ असें उघड जाहीर करणें हीही एक स्पष्ट भूमिकाच आहे. ‘अमुक कागद पाहिल्याशिवाय आम्हांस ठरवितां येत नाहीं’ हेंही प्रामाणिक उत्तर आहे, मात्र कागद कोणते तें सांगितलें पाहिजे. ज्या प्रश्नावर सभागृहांत होय किंवा नाहीं असें मत नोंदवावें लागणार, त्यावर अगोदर लोकांस सांगावें, इतकाच आमचा आग्रह. मतदानाच्या घटकेस सभात्याग करणें ह्यास आज तेजस्वी निषेध समजतात. घरीं काम आहे असें सांगून सभेंतून उठून जाणें ह्यास गौतमानें ‘विक्षेप’ हें नांव देऊन पराभवांतच गणलें आहे.

येथें व्यवहारी वाचक म्हणतील, हें सारें ठीक; पण स्पष्ट बोलून पक्षच बुडाला तर? हा आक्षेप आम्ही टाळीत नाहीं, आणि त्यासाठीं ऑस्ट्रेलियाच्या आर्थर कॉलवेल यांची गोष्ट सांगतों. कॉलवेल तेथील मजूर पक्षाचे नेते होते व १९६१ सालीं त्यांची सत्ता थोडक्यांत हुकली होती. २९ एप्रिल १९६५ रोजीं पंतप्रधान मेन्झीस यांनीं दक्षिण व्हिएतनाममध्यें पायदळाची एक पलटण धाडण्याचें जाहीर केलें. देशांत उत्साह होता. साम्यवाद उत्तरेकडून खालीं सरकत येत आहे ही भीति घरोघर होती. विरोधी पक्षानें ‘आमच्या सैनिकांस शुभेच्छा’ एवढें म्हणून सोडून दिलें असतें तर कोणीही नांवें ठेवलीं नसतीं.

४ मे रोजीं कॉलवेल सभागृहांत उभे राहिले व आपल्या पक्षाचा ह्यास ठाम विरोध आहे असें त्यांनीं सांगितलें. हें युद्ध मुळांत यादवी आहे, बाहेरचें सैन्य तें मिटवूं शकणार नाहीं, आज आठशें जातील व पुढें सक्तीनें भरती केलेल्या तरुणांवर पाळी येईल, असा त्यांचा युक्तिवाद होता. आपल्याच सभासदांकडे वळून त्यांनीं बजावलें कीं ह्या मार्गांत लोकप्रियता नाहीं, आणि आपल्या देशभक्तीविषयींही शंका घेतली जाईल. वीस वर्षांच्या मुलांची चिठ्ठ्या टाकून निवड करण्याचा कायदा अगोदरच झालेला होता. मार्च १९६६ मध्यें त्या मुलांसही व्हिएतनामला पाठविण्याचें सरकारनें जाहीर केलें. त्याच वर्षीं जूनमध्यें एका सभेनंतर कॉलवेल यांच्यावर गोळी झाडली गेली, ते वाचले. नोव्हेंबरांतील निवडणूक ह्याच प्रश्नावर लढली गेली आणि तींत १२४ पैकीं ८२ जागा सरकार पक्षास मिळाल्या, मजूर पक्षास ४१. तीन महिन्यांच्या आंतच कॉलवेल यांचें नेतेपद गेलें.

कॉलवेल सर्वच बाबतींत वंदनीय होते असें नव्हे. बिगरगोऱ्या लोकांस ऑस्ट्रेलियांत वस्ती करूं न देण्याच्या धोरणाचे ते अखेरपर्यंत कैवारी होते; आणि तेंही ते लपवीत नसत, त्यामुळें त्यांच्याच पक्षांतील तरुणांस त्यांच्याशीं भांडून तें धोरण बदलतां आलें.

युद्ध मात्र त्यांनीं म्हटलें होतें तसेंच गेलें. सुमारें साठ हजार ऑस्ट्रेलियन तेथें जाऊन आले. पांचशेंहून अधिक परत आले नाहींत, आणि त्यांत सुमारें दोनशें चिठ्ठींत जन्मतारीख निघालेलीं मुलें होतीं. मे १९७० मध्यें मेलबर्नच्या रस्त्यांवर युद्धाविरुद्ध सुमारें एक लाख लोक उतरले. त्यांना आपलें म्हणणें नव्यानें शोधावें लागलें नाहीं. तें पांच वर्षांपूर्वींच सभागृहाच्या कामकाजांत छापलेलें होतें. २ डिसेंबर १९७२ च्या निवडणुकींत व्हिटलम यांच्या नेतृत्वाखालीं मजूर पक्ष सत्तेवर आला, व त्याच आठवड्यांत सक्तीची भरती बंद होऊन तिला नकार दिल्याबद्दल तुरुंगांत असलेल्या तरुणांस सोडण्यांत आलें. कॉलवेल त्या निवडणुकीस उभे नव्हते. पुढच्या जुलैच्या ८ तारखेस ते वारले.